प्रतिक्रियेला उत्तर: चाहत्यांनी लिहायला घेतलं म्हणून ‘डॉक्टर हू’ बिघडली का?

नमस्कार,

‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानकथा-मालिकेवरच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की 2005 पासून ही मालिका तिच्या चाहत्यांच्याच हाती गेली, मग ती स्वतःच्या जुन्या गोष्टी उगाळत बसली. शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘भक्तांनी रांगेत थांबावं, गाभाऱ्यात शिरू नये.’ हे वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

आधी जे पटलं ते सांगतो. 1976च्या ‘द ब्रेन ऑफ मॉर्बियस’मध्ये डॉक्टर (मालिकेचा नायक, परग्रहावरचा कालप्रवासी, जो मरणाच्या दारात नवा चेहरा घेऊन जगतो) आणि खलनायक मॉर्बियस यांची मनांची झुंज होते. पडद्यावर डॉक्टरचे आधीचे चेहरे एकेक करून दिसतात आणि मग अचानक आठ अनोळखी चेहरे येतात. ते होते पडद्यामागच्या मंडळींचे. निर्माता फिलिप हिंचक्लिफ, पटकथा-संपादक रॉबर्ट होम्स, दिग्दर्शक क्रिस्टोफर बॅरी वगैरे लोकांनी जुने पोशाख चढवून फोटो काढून घेतले होते. हे डॉक्टरचे आधीचे अवतार की मॉर्बियसचे, यावर चाहते चाळीसेक वर्षं भांडले. 2020मध्ये मालिकेचे तेव्हाचे मुख्य लेखक क्रिस चिबनल यांनी ‘द टाइमलेस चिल्ड्रन’मध्ये त्याचं उत्तर दिलं आणि त्यासाठी डॉक्टरचा जन्मच नव्याने लिहून काढला. एक भोक बुजवायला अख्खी भिंत पाडली. तिथे चिबनलमधल्या चाहत्याने त्यांच्यातल्या लेखकाला गप्प बसवलं, असं मलाही वाटतं.

पण उगाळण्याचा हा रोग 2005चा नाही हो. 1985चं ‘अटॅक ऑफ द सायबरमेन’ आठवा. याच मालिकेतल्या 1966 आणि 1967च्या दोन गोष्टी माहीत नसतील तर निम्मं कळत नाही. तेव्हा निर्माता होते जॉन नेथन-टर्नर, पटकथा-संपादक एरिक सॅवर्ड. दोघंही चाहत्यांच्या कंपूतून आलेले नव्हते.

आता गाभाऱ्याबद्दल. तुमच्या बोलण्यातून असं चित्र उभं राहतं की चाहता रांग मोडून थेट आत घुसला. तसं झालेलं नाही. डिसेंबर 1989मध्ये बीबीसीने मालिका थांबवली. मधला 1996चा एक टीव्ही-चित्रपट सोडला तर मार्च 2005पर्यंत पडद्यावर जवळपास काही नव्हतं. या पंधरा वर्षांत चाहते काय करत होते? लिहीत होते. 1991पासून व्हर्जिन प्रकाशनाने डॉक्टरच्या नव्या कादंबऱ्या काढायला घेतल्या आणि संपादक पीटर डार्विल-एव्हान्स यांनी एकही पुस्तक नावावर नसलेल्यांचीही हस्तलिखितं मागवली. पॉल कॉर्नेल, मार्क गॅटिस, गॅरेथ रॉबर्ट्स त्या दारातून आले. 2005मध्ये मालिका परत आणणारे रसेल टी. डेव्हिस यांनीही 1996मध्ये एक कादंबरी लिहिली, तीसुद्धा टीव्हीत मुरलेले असताना. 1999पासून बिग फिनिश या कंपनीची डॉक्टरवरची श्राव्य नाटकं सुरू झाली. संपादकाची कात्री, ठरलेली तारीख, नापसंत होऊन परत आलेलं काम, हे सगळं त्यांनी सोसलं. आपल्याकडे भजनात टाळ धरून मागे उभा राहणाराच पुढे कीर्तनाला उभा राहतो. त्याला कोणी म्हणत नाही की तू श्रोत्यांतला, मागे जा.

चिबनल यांचंच बघा. 1986मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमात शाळकरी पोरगा म्हणून ते बसले होते आणि मालिकेच्या लेखकांना त्यांच्या तोंडावर सांगत होते की लिखाण कमी पडलं. त्यानंतर मालिकेची सूत्रं हातात यायला 2018 उजाडलं. मध्ये ‘ब्रॉडचर्च’ या गुन्हेगारी मालिकेसारखं काम उभं केलेलं होतं.

आणि चाहत्याने लिहिल्यामुळे काय मिळतं? माझ्यासाठी खरा मुद्दा हाच आहे. 1970च्या ‘स्पीअरहेड फ्रॉम स्पेस’मध्ये दुकानांच्या काचेआडचे प्लास्टिकचे पुतळे जिवंत होऊन रस्त्यावर उतरतात. प्रसंग अंगावर येतो, पण काच फुटताना दिसत नाही. तेवढा पैसाच नव्हता, म्हणून नुसता आवाज ऐकवला. डेव्हिस तेव्हा सहा वर्षांचे होते. 2005मध्ये ‘रोझ’ हा पहिला भाग लिहिताना त्यांनी तेच पुतळे आणले आणि या वेळी काच खळ्ळकन फुटताना दाखवली. पण त्या पुतळ्यांचं ‘ऑटॉन’ हे नाव अख्ख्या भागात एकदाही कोणी उच्चारत नाही. डॉक्टरचा ग्रह गॅलिफ्रे नाही, मागचा इतिहास नाही. आहे ती लंडनच्या दुकानात काम करणारी एक मुलगी. भीती कुठे होती हे त्यांना पक्कं आठवत होतं, म्हणून बाकीचं सोडून देता आलं.

त्याच वर्षीचा रॉबर्ट शेअरमन यांचा ‘डॅलेक’ हा भाग घ्या. डॅलेक म्हणजे धातूच्या कवचात बसलेले, डॉक्टरचे जुने शत्रू. त्याचं बीज त्यांच्याच 2003च्या ‘ज्युबिली’ या श्राव्य नाटकात आहे. डॅलेकची चेष्टा कशावरून होते? जिना चढता येत नाही आणि हातात संडास तुंबल्यावर वापरायचा रबरी पंप! 1988मध्ये एक डॅलेक जिना चढला होता, पण तोवर प्रेक्षक आटले होते. शेअरमन यांनी दोन्ही चेष्टा उचलल्या. तो पंप एका माणसाच्या तोंडावर बसतो आणि त्याचा जीव जातो. जिन्यावर पोचलेली माणसं खालच्या डॅलेकला हसतात, आणि तो शांतपणे वर तरंगायला लागतो. ज्याने वर्षानुवर्षं ती चेष्टा ऐकून घेतली आहे त्यालाच ती अशी उलटवता येते, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक. बीबीसीने साठच्या दशकातल्या कितीतरी भागांच्या टेप पुसून टाकल्या. तरी हरवलेल्या एकूण एक भागाचा आवाज आज ऐकता येतो, कारण काही मुलांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून तो उतरवून ठेवला होता. तेव्हा गाभारा कोणी सांभाळला, हे तुम्हीच सांगा.

एक विनंती आहे. ‘स्पीअरहेड’चा शेवटचा भाग आणि ‘रोझ’ एका संध्याकाळी लागोपाठ बघा आणि मग मला लिहा. ‘टाइमलेस चिल्ड्रन’बद्दलचा तुमचा राग तसाच ठेवा, त्यात मी तुमच्याबरोबर आहे.