'बागे' नव्हे हो, बागेत!

"फ्रेंच ब्रेडची नावं तुम्हीही चुकीची घेताय?" हा फॉरवर्ड फिरत फिरत मामीकडे पोहोचला. ती घरून ब्रेडच्या ऑर्डरी घेते. लगेच तिने मेनूकार्डावरच्या 'बागेत' (baguette) या लांबट फ्रेंच पावाच्या नावातला 'त' खोडला. वर मलाच शिकवलं, "अरे, फ्रेंचमध्ये शेवटचं व्यंजन कधीच उच्चारत नाहीत!"

'कधीच' हा शब्दच घोळ घालतो. क्रुआसाँमधला टी गप्प असतो, बातार नावाच्या आखूड पावातला शेवटचा डी गप्प असतो. इतपत फॉरवर्ड बरोबर, मान्य. पण बागेतच्या स्पेलिंगमध्ये शेवटी टी नाहीच, ई आहे. ती ई स्वतः मुकी राहते आणि आधीच्या व्यंजनाला बोलतं करते. म्हणून बागेत, ब्रिओश, फुगास, आणि सुतळीसारखा बारीक फिसेल. 'प्ती' म्हणजे लहान. स्त्रीलिंगी ई लागली की तेच 'प्तित'. आपण 'बागेत फिरायला गेलो' म्हणतो ना, जवळजवळ तसंच म्हणायचं. अर्थ मात्र काठी. फ्रेंच लोक चॉपस्टिक्सनाही हाच शब्द वापरतात.

असेच आणखी काही समज फिरतात. "बागेतला लावलेलं 'त्रादिसियाँ' म्हणजे 'पारंपरिक' हे नाव नुसती जाहिरातबाजी." अजिबात नाही. 13 सप्टेंबर 1993 च्या फ्रेंच सरकारी आदेशाने हे नाव बांधून टाकलंय. 'पारंपरिक फ्रेंच पाव' म्हणून विकायचा तर तो कुठल्याही टप्प्यावर फ्रीझ केलेला चालत नाही आणि त्यात अ‍ॅडिटिव्ह घालता येत नाहीत. पीठ, पाणी, मीठ, यीस्ट किंवा आंबवण. फार तर बाकल्याच्या शेंगदाण्यांचं (फावा बीन्स), सोयाचं किंवा माल्टचं पीठ, तेही ठरवून दिलेल्या किरकोळ प्रमाणात. साध्या बागेतला ही बंधनं नाहीत, म्हणून तर दुकानात दोन्ही वेगळे मागावे लागतात.

"1683 मध्ये तुर्कांना हरवल्याच्या आनंदात क्रुआसाँ जन्मला." व्हिएन्नाचा संबंध खरा आहे, तेवढं देतो. पण तिथला किप्फेर्ल नावाचा चंद्रकोरी पाव तुर्कांनी 1683 मध्ये व्हिएन्नाला घातलेल्या वेढ्याच्या कितीतरी आधीचा. पॅरिसमध्ये तो गाजवला 1830 च्या दशकाच्या अखेरीस ऑगस्ट झांगच्या बेकरीने.

"कणीक मळताना वेदना होतात म्हणून फ्रेंचमध्ये ब्रेडला पेन म्हणतात." काय बोलावं! उच्चार 'पॅं', मूळ लॅटिन 'पानिस'. त्याच मुळातून पोर्तुगीज शब्द आला आणि त्यावरून आपला पाव. म्हणजे 'पायाने मळतात म्हणून पाव' हेही गेलं.

मामी, नवी कार्डं छापू नकोस. पेन घे आणि 'त' परत लिही.