शाईत पाणी घालू नका: प्रिंटरच्या त्या मेसेजला उत्तर

"घरून काम करणाऱ्यांनो, प्रिंटर कंपन्यांची लूट थांबवा" असा एक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि माझ्या मावशीनं तो मनावर घेतला, म्हणून हे लिहितोय, नाहीतर असल्या मेसेजच्या नादी मी लागत नाही. मावशी जुळे सोलापुरात घरबसल्या टॉवेल-चादरीच्या व्यापाऱ्यांची बिलं आणि जीएसटीची कागदं करते. मेसेजमध्ये पाच सल्ले आहेत. सगळ्यात स्वस्त ऑल-इन-वन (छापणं, स्कॅन, झेरॉक्स तिन्ही करणारा प्रिंटर) घ्या आणि शाई संपली की सरळ नवा प्रिंटरच आणा. टँकवाले प्रिंटर, म्हणजे बाटलीतनं टाकीत शाई ओतायची असते ते, फक्त झेरॉक्सवाल्यांसाठी असतात. शाई कमी झाली की त्यात आरओचं पाणी नाहीतर स्पिरिट घाला, दुप्पट चालते. काम झालं की बोर्डावरनं बटन बंद करा, शाई वाचते. आणि डीपीआय, म्हणजे एका इंचातले ठिपके, जास्त तो प्रिंटर चांगला.

पाण्याचंच आधी घेतो, कारण यातला सगळ्यात घातक सल्ला तोच आहे आणि मावशीनं नेमका तोच ऐकला. इंकजेटची शाई म्हणजे नुसतं रंगीत पाणी नाही हो. पाणी त्यात असतंच, पण सोबत रंगद्रव्य असतं, नोझलच्या, म्हणजे शाई बाहेर पडायच्या भोकाच्या, तोंडाशी शाई वाळू नये म्हणून ग्लायकॉलसारखे पदार्थ असतात, थेंब नीट सुटावा म्हणून आणखी रसायनं असतात. हेडची, म्हणजे कागदावर थेंब उडवणाऱ्या भागाची, भोकं केसापेक्षा बारीक. एचपी, कॅननच्या कार्ट्रिजवाल्या स्वस्त प्रिंटरमध्ये त्या भोकांमागं बारकासा हीटर असतो, तो शाई क्षणात तापवतो, वाफेचा बुडबुडा होतो आणि तो बुडबुडा थेंब बाहेर ढकलतो. हे सगळं त्या शाईचा दाटपणा धरून बसवलेलं असतं. तुम्ही पाणी घातलं की रंग फिका पडतो, अक्षर कागदावर पसरतं, पातळ शाई गळायला लागते, आणि कुणी आरओऐवजी बोअरचं पाणी घातलं तर क्षार आत बसतात ते वेगळंच. स्पिरिट त्याहून वाईट. ते भराभर उडतं, शाई तोंडाशीच सुकते, आणि पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची, शाई असली तर कणांच्या गुठळ्या होऊ शकतात. बरं, दुप्पट काय चालतं? रंग तेवढाच राहतो, तोच जास्त पानांवर पसरतो आणि प्रत्येक पानाला निम्माच रंग येतो.

मावशीनं सिरिंजनं पाणी घातलं. आधी अक्षरं करडी आली, मग पानभर आडव्या पट्ट्या, आणि बिलावरचा जीएसटी नंबर वाचता येईना म्हणून व्यापाऱ्यानं बिलं परत पाठवली. ज्या बाईचं महिन्याचं घर या कागदांवर चालतं तिला असला सल्ला देणाऱ्याचा मला खरंच राग येतो. तिच्या प्रिंटरमध्ये हेड कार्ट्रिजलाच होतं म्हणून कार्ट्रिज बदलून भागलं. टँकवाल्या प्रिंटरमध्ये हेच केलं तर ते पाणी टाकीतनं नळ्यांत आणि नळ्यांतनं हेडमध्ये जातं, आणि तिथं बऱ्याच मॉडेलमध्ये हेड प्रिंटरचाच भाग असतो. दुरुस्तीचा खर्च बघून माणूस प्रिंटरच टाकून देतो, वॉरंटीत असला बिघाड कुणी धरत नाही.

आता शाई संपली की नवा प्रिंटर. नव्या खोक्यातली कार्ट्रिज बऱ्याच मॉडेलमध्ये सेटअपची असते, म्हणजे दुकानात सुटी मिळते तिच्यापेक्षा त्यात शाई कमी, आणि त्यातलीही काही प्रिंटर सुरू करतानाच जाते. मग वाचलं काय?

पानांचा हिशोब करायचा तर खोक्यावरचा आकडा कुठनं येतो ते आधी बघा. आयएसओ/आयईसी 24711 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात किमान तीन प्रिंटर आणि नऊ कार्ट्रिज घेऊन, 24712 या मानकातली ठरलेली पाच पानं पुन्हा पुन्हा जवळपास सलग छापतात, खोलीचं तापमान 23 अंशाच्या आसपास ठेवून. आपल्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर, प्रिंटर दोन-दोन दिवस बंद, आणि सुरू केला की आधी हेड साफ करण्यात शाई जाते, त्यामुळं घरी पानं त्या आकड्यापेक्षा कमीच मिळणार. पण दोन मॉडेलची ढोबळ तुलना करायला हा आकडा चांगला आहे. एचपीच्या 805 या साध्या काळ्या कार्ट्रिजचा आकडा साधारण 120 पानांचा, एपसनच्या 003 या 65 मिलीच्या काळ्या बाटलीचा 4,500 पानांचा. किमती बदलत राहतात, पण समजा कार्ट्रिज नऊशेला आणि बाटली साडेचारशेला पडली, तर एका पानाला साडेसात रुपये विरुद्ध दहा पैसे. बाहेर झेरॉक्सवाला साडेसातपेक्षा कितीतरी स्वस्तात पान देतो. म्हणजे रोज दहा-वीस पानं काढणाऱ्यासाठी टँकवाला महाग दिसला तरी तोच स्वस्त, आणि "फक्त झेरॉक्सवाल्यांसाठी" हे साफ खोटं.

एक मात्र मान्य करावं लागेल. महिन्यात चार-पाच पानंच निघत असतील तर टँकवाला घेऊ नका, तेवढं त्या मेसेजमध्ये बरोबर आहे. वापर नसला की हेड सुकतं, साफ करण्यात शाई जाते, आणि एचपी, कॅननच्या स्वस्त कार्ट्रिजवाल्यात निदान नव्या कार्ट्रिजसोबत नवं हेड मिळतं.

बोर्डावरच्या बटनाचं उलटं आहे. प्रिंटरच्या स्वतःच्या बटनानं बंद केला की तो हेड जागेवर नेऊन टोपी बसवतो, आणि मधेच बोर्डावरनं तोडलात तर हेड उघडंच राहू शकतं, उन्हाळ्यात सुकायला किती वेळ लागणार? लाइट मधेच गेली तर आल्यावर एकदा चालू करा, जागेवर जाऊ द्या, मग त्याच्याच बटनानं बंद करा. आठवड्यातनं एक रंगीत पान काढत राहा.

डीपीआयवर फार लिहीत नाही. बिलं छापायला कुठल्याही प्रिंटरचा पुरतो, आणि आधार, पॅन, बिलं स्कॅन करायला 300 भरपूर. त्यापेक्षा सोलापूरच्या नवी पेठेत दुकानात गेलात की हे विचारा: काळी शाई पिगमेंटची आहे का, म्हणजे पाण्याचा हात लागला तरी बिल पुसणार नाही. स्कॅन करताना वरनं कागदांची चळत आपोआप ओढणारा फीडर आहे का. वायफाय फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं का, कारण बऱ्याच स्वस्त मॉडेलचं तसंच असतं आणि मग घरचं वायफाय 5 गिगाहर्ट्झवर असलं तर जोडणी होईना म्हणून फोन सुरू होतात. सर्व्हिस सेंटर सोलापुरात आहे की प्रिंटर पुण्याला पाठवावा लागतो. आणि वॉरंटी नुसती एक वर्षाची आहे की ठराविक पानांपर्यंतच, हे बिलावर लिहून घ्या.