काचेवरच्या लेखांसाठी माणसं हवीत, पण नवीन लेख लिहायला नकोत

पोस्ट लांबलचक होणारे, आधीच सांगून ठेवतो.

गेले काही महिने आम्ही काही जण मराठी विकिपीडियावर काचेसंबंधीची पानं नीट करायच्या मागे लागलोय. कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, काचेवर लिहिण्यासारखं असतं काय? अरे बाबा, ही पोस्ट तू काचेच्या आडूनच वाचतोयस आणि ती तुझ्यापर्यंत आलीय तीही वाटेत कुठेतरी केसाएवढ्या काचेच्या तंतूतूनच. काचेच्या तंतूतून प्रकाशाने संदेश पाठवायच्या ज्या कल्पनेवर चार्ल्स काव यांनी 1966 मध्ये पेपर लिहिला आणि ज्यासाठी त्यांना नोबेल मिळालं 2009 मध्ये, ती हीच. असो.

तर पहिल्या वेळी आम्ही केलं ते सगळे करतात तेच. एक रविवार ठरवला, हॉल घेतला, 14 जण जमवले आणि भिंतीवर कागद चिकटवला, आजचं टार्गेट 25 लेख. सकाळी सगळ्यांनी एकाच वायफायवरून अकाउंट काढायला घेतली, सहा निघाली आणि सातव्याच्या स्क्रीनवर नकार. एका आयपी पत्त्यावरून दिवसाला सहाच नवीन खाती काढता येतात, उपद्रवी लोकांना आवरायला केलेला नियम आहे तो आणि तसं लिहिलेलंही असतं, आम्हीच वाचलं नव्हतं. मग कुणी मोबाइल डेटावर प्रयत्न करतोय, कुणी शेजारच्याच्या अकाउंटवरून लिहितोय (हेही चालत नाही, एक खातं एका माणसाचं), नुसता गोंधळ.

तरी संध्याकाळपर्यंत 19 लेख झाले, टाळ्या झाल्या, ग्रुप फोटो झाला. आठवड्याभरात त्यातले पाच उडाले, कारण कुठल्या कुठल्या वेबसाइटवरून उचलून चिकटवलेले होते. उरलेल्यांतले निम्मे मशीनने भाषांतर केलेले. त्यात क्राउन ग्लासचं झालं होतं 'मुकुट काच'. एकवेळ तेही चाललं असतं, पण क्राउन ग्लास नावाच्या गोष्टी दोन आहेत. एक म्हणजे खिडक्यांची काच करायची जुनी पद्धत, तापलेला गोळा दांड्याच्या टोकावर गरागरा फिरवून त्याची मोठी चकती करायची आणि त्यातून तावदानं कापायची. दुसरी म्हणजे भिंगांची काच, जिच्यातून जाताना प्रकाशाचे रंग कमी फाकतात. आमच्या लेखात पहिल्या परिच्छेदात खिडकी होती आणि दुसऱ्यात थेट दुर्बीण, मधे काहीच नाही. लिहिणाऱ्या मुलाला बोल लावणार नाही मी, दोन तासांत लेख पाड असं त्याला आम्हीच सांगितलं होतं ना.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की नवीन लेख किती झाले हे मोजणंच बंद करावं. असलेलं पान घ्या आणि माणसांना लेख वाटू नका, वाक्यं वाटा. एका माणसाला एक वाक्य, ते खरं आहे का बघ, खरं असेल तर संदर्भ लाव, नसेल तर बदल, झालं काम, घरी जा.

आता हे किती जड जातं बघा. 'काच हा अतिशय घट्ट द्रव आहे, म्हणून जुन्या चर्चच्या खिडक्यांच्या काचा ओघळून खाली जाड झाल्यात', हे वाक्य तुम्हीही कुठेतरी ऐकलं असेल, मला तर शाळेत सांगितलं होतं. आमच्यातल्या तिघांनी ते तीन वेगवेगळ्या पानांवर घातलं होतं, एकमेकांना न विचारता! काचा असमान आहेत हे खरंच आहे, पण ते त्या फिरवायच्या पद्धतीमुळे, चकती सगळीकडे सारखी जाड होतच नाही आणि बसवणारा बऱ्याचदा जाड कड खाली ठेवायचा. वर जाड असलेल्या काचाही सापडतात. 1998 मध्ये एडगर झानोट्टो या काचेच्या अभ्यासकांनी हिशोब मांडला की काचेला तसं ओघळायला विश्वाच्या वयापेक्षा कितीतरी जास्त काळ लागेल, पुढे मध्ययुगीन काचेसारखीच काच बनवून मोजलं तेव्हा अब्ज वर्षांत फार तर एक नॅनोमीटर असं उत्तर आलं. आम्ही तिन्ही पानं दुरुस्त केली, संदर्भ लावले, आणि पंधरा दिवसांनी कुणीतरी येऊन तेच वाक्य परत घातलं, ये रे माझ्या मागल्या. म्हणून आता एका जणाचं काम फक्त पानांवर नजर ठेवायचं.

आणि आता खरा मुद्दा. आम्ही माणसं शोधत होतो लिहिता येणारी, हवी होती काच हाताळलेली. आमच्यात एक ताई आहेत, आयुष्य प्रयोगशाळेत गेलंय, टायपिंगचा मनस्वी कंटाळा. त्यांना बोरोसिलिकेट काचेचं (प्रयोगशाळेतली भांडी करतात ती) पान वाचायला दिलं तर दुसऱ्याच ओळीला म्हणाल्या, "तापवली तरी तडकत नाही? कुणी लिहिलं हे? गरम फ्लास्क ओल्या ओट्यावर ठेवून बघा म्हणावं." बरोबर होतं त्यांचं. ही काच साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते म्हणून जास्त सोसते, पण सोसण्याला हद्द आहे. मात्र ताईंचा अनुभव संदर्भ म्हणून चालत नाही, विकिपीडियावर स्वतःचं संशोधन नको, आधी कुठेतरी छापून आलेलं हवं, आणि इथेच घोडं पेंड खातं, कारण जाणकार माणूस यावर वैतागतो आणि निघून जातो. आमचा तोडगा असा की ताई फक्त चूक दाखवतात, दुसरा पुस्तकात आकडा शोधतो, तिसरा टाइप करतो. एका वाक्याला तीन माणसं. हळू आहे, पण ते पान अजून कुणी उडवलेलं नाही.

शब्दांवरून भांडणं होतात ती वेगळीच. अनीलिंगला, म्हणजे तापलेली काच हळूहळू गार करून तिच्यातला ताण घालवण्याला, पुस्तकात अनुशीतन म्हणतात, कारखान्यात कुणी म्हणत नाही. चर्चा पानावर दोन दिवस घमासान झालं, शेवटी एक शीर्षक ठेवलं आणि दुसऱ्यावरून पुनर्निर्देशन केलं (म्हणजे ते नाव शोधलं तरी त्याच पानावर पोचता), जे पहिल्या पाच मिनिटांत करता आलं असतं.

फोटोंचं काम मात्र कुणालाही जमेल. लायकर्गस कप म्हणून चौथ्या शतकातला रोमन पेला आहे ब्रिटिश म्युझियममध्ये, समोरून उजेड पडला तर हिरवा आणि आतून पडला तर लाल, काचेत सोन्या-चांदीचे अतिसूक्ष्म कण आहेत म्हणून. आमच्या एकाने त्याचा नेटवरचा फोटो चढवला, म्हणे पेला इतका जुना आहे, कसला प्रताधिकार? पेल्याचा नाही रे, फोटोचा! त्यापेक्षा स्वतः काढा. लॅपटॉपवर पांढरी स्क्रीन लावा, तिच्यासमोर टफन्ड काच (तापवून झटकन गार करून कणखर केलेली) धरा आणि मोबाइलच्या लेन्सपुढे पोलराइज्ड गॉगल. गॉगल हळूहळू फिरवला की स्क्रीन काळी होत जाते आणि काचेतला ताण पट्ट्यापट्ट्यांनी उजळतो. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी पाचेक मिनिटं गॉगल नुसता फिरवतच बसलो होतो. हा फोटो टफन्ड काचेच्या पानावर हवाय आणि आमच्याकडचे तिन्ही फोटो हललेले आलेत.

तर ज्यांच्याकडे असा गॉगल आणि न थरथरणारे हात आहेत त्यांनी कमेंटमध्ये सांगा. काचकाम केलेलं कुणी ओळखीत असेल तर टॅग करा, लिहिता येत नसलं तरी चालेल. आणि अकाउंट घरून काढून या.