क्रोटनच्या कुंपणाविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

क्रोटन या रंगीबेरंगी पानांच्या शोभेच्या झुडपाच्या कुंपणावरील माझ्या लेखाला आपण दिलेली सविस्तर प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. क्रोटन हे मुळात कुंडीतले झाड आहे, कुंपणाला लावले की ते बुंध्याशी उघडे पडते, कात्री फिरवल्यावर पाने विद्रूप होतात आणि एवढे करूनही रंग हिरवटच राहतो. त्यामुळे सोनेरी ड्युरांटा हे सोनेरी पानांचे झुडूपच सुचवायला हवे होते, असे आपले म्हणणे आहे. आपण सांगितलेली लक्षणे खरी आहेत, परंतु त्यांचे मूळ झाडात नसून छाटणीच्या पद्धतीत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रंगीत पानांच्या कोणत्याही झुडपाबाबत पहिला प्रश्न असा विचारावा की त्याचा रंग कोवळ्या पानांत असतो की जुन्या पानांत. सोनेरी ड्युरांटाची झळाळी नव्या फुटव्यात असते. फोटिनिया या झुडपाची लाल पालवीही तशीच, जून झाली की हिरवी होते. अशा झुडपांना वारंवार कात्री लावली की नवी पालवी येते आणि रंग ताजा राहतो. क्रोटनच्या बहुतेक जातींचे याच्या नेमके उलट आहे. त्यांचे पान हिरवे-पिवळे उमलते आणि पुरेसे ऊन मिळत गेले, तर जून होताना त्यात नारिंगी, लाल, जांभळट छटा चढत जातात. ड्युरांटासारखी दर काही आठवड्यांनी क्रोटनची वरवर छाटणी केली, तर कुंपणाच्या दर्शनी भागावर कायम कोवळी, रंग न चढलेली पानेच राहणार. आपल्याला दिसलेला हिरवटपणा बहुधा यातूनच आला असावा. सावली हे त्याचे दुसरे नेहमीचे कारण.

पाने विद्रूप होतात, हा आपला मुद्दा तर अगदी रास्त आहे. क्रोटनचे पान मोठे, जाड आणि चिवट असते. कुंपणाच्या लांब कात्रीने ते मधोमध कापले गेले की कापलेली कड तपकिरी पडून सुकते, आणि असे अर्धे पान लगेच गळून न जाता बराच काळ फांदीवर तसेच राहते. म्हणून क्रोटनला लांब कात्री लावूच नये. सिकेटर (एका हाताने चालवायची छाटणीची लहान कात्री) घेऊन एकेक फांदी झुडपाच्या आत, पानाच्या बेचक्याच्या किंचित वर कापावी, म्हणजे काप उरलेल्या पानांआड झाकला जातो. हे काम वेळखाऊ आहे, पण वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीला एकदा नीट केले की पुढे फक्त भरकटलेल्या फांद्या आवरायच्या असतात. फांदीतून निघणाऱ्या पांढऱ्या चिकाने काहींच्या त्वचेला खाज येते आणि कपड्यांवर डाग पडतात, तेव्हा हातमोजे घालावेत.

बुंध्याशी उघडे पडण्याची सुरुवात रोप लहान असतानाच होते. आपल्याला हवी तेवढी उंची येईपर्यंत शेंडा तसाच वाढू दिला, तर फांद्या वरच फुटतात. रोप गुडघ्याएवढे होण्याआधीच शेंडा खुडावा, फुटव्यांचे शेंडेही पुन्हा खुडावेत, दोन रोपांत सुमारे ६० सेंमी अंतर ठेवावे आणि कुंपण खाली रुंद, वर किंचित निमुळते ठेवावे, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळते. आधीच उघडे पडलेले झुडूपही सुधारता येते. सर्वांत उंच फांद्यांपैकी साधारण एक तृतीयांश फांद्या दरवर्षी खालून कापल्या, तर जुन्या लाकडावरही नवे डोळे फुटतात. सगळे झुडूप एकदम खरडून मात्र काढू नये.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते, कारण तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होते. क्रोटनवर अधूनमधून पूर्ण हिरवी फांदी फुटते. ती रंगीत फांद्यांपेक्षा जोमाने वाढते आणि वेळीच, जिथून फुटली तिथूनच कापून काढली नाही, तर झुडूप व्यापून टाकते.

ड्युरांटाबाबत माझा विरोध नाही. सरळ, काटकोनी, भिंतीसारखे कुंपण हवे असेल, तर तोच योग्य. मात्र त्याची फळे विषारी असतात, तेव्हा घरात लहान मुले असल्यास जपावे. थंडीत तापमान १० अंश सेल्सियसखाली उतरत असेल, तर क्रोटन पाने गाळतो, आणि तिथे त्याचा आग्रह मीही धरणार नाही. आपल्या कुंपणावर थेट ऊन किती तास पडते आणि रोपांमधील अंतर किती आहे, एवढे कळवलेत, तर यंदा कोणत्या फांद्यांपासून सुरुवात करावी हे अधिक नेमके सांगता येईल.