फोटो टाकू नका, मजकूर लिहा

माझे मामा खानापूर तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू गेली आणि आता उजेड-अंधार एवढेच कळते. तीन वर्षांपूर्वी मी त्यांच्या फोनवर टॉकबॅक चालू करून दिले. पडद्यावर बोट फिरवले की खाली जे असेल ते मराठीत वाचून दाखवणारी ही सोय अँड्रॉइड फोनमध्ये मुळातच असते, तिच्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. चार दिवस मामा वैतागले आणि पाचव्या दिवसापासून बातम्या ऐकू लागले. मग ते गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाकडे वळले. त्या संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा त्यांनी विचारले, "काय गा, सकाळधरनं नुसता फोटो फोटोच म्हणूलाय हा. गावात कोण लिहून सांगतच नाही काय?"

मी गट उघडून पाहिला. त्या दिवशी एकवीस फोटो आले होते आणि त्यांपैकी एकोणिसांत चित्र असे काही नव्हतेच, केवळ अक्षरे होती. पाणीपट्टीची सूचना होती, काकड आरतीची वेळ होती, सोसायटीच्या सभेचा कागद होता आणि हार घातलेल्या चौकटीत एक निधनवार्ता होती. ती मामांच्याच एका जुन्या सहकारी शिक्षकांची होती. मामांना ती कळली तेव्हा रक्षाविसर्जन आटोपले होते.

तेव्हापासून माझ्या डोक्यात ही एकच गोष्ट घोळत आहे आणि आज ती सविस्तर लिहीत आहे. इंटरनेटने ज्ञानाची दारे सर्वांसाठी उघडली असे आपण म्हणतो, परंतु त्या दाराशी आपणच अक्षरांचे चित्र करून ठेवतो. संगणकाच्या लेखी मजकूर आणि मजकुराचा फोटो या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. मजकूर शोधता येतो, मोठा करता येतो, ऐकता येतो, दुसऱ्या भाषेत नेता येतो, त्यातला फोन क्रमांक दाबून थेट बोलता येते. फोटोतला मजकूर म्हणजे रंगीत ठिपक्यांचा समूह. 'गुगल लेन्स (फोटोतली अक्षरे ओळखणारी फोनमधली सोय) लावावी की' असे मला लगेच सांगितले जाते. स्वच्छ छापील कागदावर ती बरी चालते हे खरे, पण तिरका धरलेला, अर्ध्यावर शिक्का उमटलेला, वर कोणीतरी पेनाने तारीख बदललेला कागद तिला नीट उलगडेलच असे नाही. शिवाय पाठवणाऱ्या एकाने दोन मिनिटे टाइप करण्याऐवजी घेणाऱ्या दोनशे जणांनी कसरत का करावी, हा साधा हिशेब आहेच.

या सवयीमागे थोडा इतिहासही आहे. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांना युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला संगणकात ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, १९९१ सालीच जागा मिळाली होती, परंतु आपल्याकडचे छापखाने, वर्तमानपत्रे आणि कचेऱ्या पुढची कितीतरी वर्षे जुन्या फाँटवर काम करत राहिल्या. त्या फाँटमध्ये पडद्यावर 'क' दिसत असला तरी आत एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह बसलेले असे. त्यामुळे तो मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की निरर्थक अक्षरांचे कडबोळे समोर येई. हे टाळण्याचा खात्रीचा उपाय एकच होता, तो म्हणजे त्याचे चित्र करून पाठवणे. आज फोनमधल्या कळफलकावर थेट युनिकोड मराठी उमटते, बोलून टाइप करता येते, तरी हात जुन्याच वळणाने जातो. संगणकावर मजकूर जुळवणारा डीटीपीवाला आपल्याला जेपीजी म्हणजे चित्राची फाइल देतो आणि आपण ती पुढे ढकलतो. या काळात बेळगाव परिसरात मराठीतून निघालेल्या स्मरणिका, गौरवग्रंथ, संमेलनांची वृत्ते यांच्या मूळ फाइली आज कोणाकडे असल्या तरी संगणकाला त्या थेट मराठी म्हणून वाचता येणार नाहीत. मला याचे फार वाईट वाटते, कारण त्यापूर्वीच्या खिळ्यांच्या छपाईतले पुस्तक स्कॅन करून वाचवणे कधीकधी याहून सोपे जाते.

आता सीमाभागापुरते बोलतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आपल्या सार्वजनिक जीवनात भाषेचा प्रश्न मुख्यतः फलकाचा आणि कागदाचा राहिला आहे. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती १५ टक्के किंवा अधिक आहे तेथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असे भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या संरक्षणांत मान्य झालेले आहे. खानापूरसारख्या तालुक्यात मराठी भाषक बहुसंख्य आहेत, त्यामुळे कागद मराठीतून मिळावा ही मागणी योग्यच आहे आणि ती मी सोडलेली नाही. परंतु तिच्याबरोबर आणखी एक मागणी आपण करायला हवी, असे माझे मत आहे. सूचना कोणत्याही भाषेत असो, ती मजकूर म्हणून द्या.

हे मी एका मित्रमंडळीच्या बैठकीत बोललो तेव्हा एकजण चिडून म्हणाले, "म्हणजे कन्नड कागद गोड मानून घ्यायचा, असेच ना?" तसे नाही. कन्नडमधील सूचना युनिकोड मजकुरात असेल, तर कन्नड न वाचता येणारी माझी बहीण ती भाषांतराच्या सोयीत टाकून निदान कशाबद्दल आहे, शेवटची तारीख कोणती, कागद कोणते न्यायचे, एवढे तरी समजून घेते. तीच सूचना स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये आली की तिला शेजाऱ्याला, एजंटाला नाहीतर झेरॉक्सवाल्याला विचारावे लागते. यंत्राचे भाषांतर कायद्याच्या कागदाला पुरत नाही, हेही मला ठाऊक आहे. 'उतारा' हा शब्दच घ्या. जमिनीचा उतारा, पुस्तकातला उतारा आणि विषावरचा उतारा यांत यंत्र कधी कोणता निवडील याचा नेम नसतो. गंमत म्हणजे जमिनीच्या कागदासाठी हा शब्द आपल्याकडच्या कन्नड बोलणाऱ्यांच्या तोंडीही आहे, तेव्हा दोन्ही भाषांची माणसे जेथे सहज एकमेकांना समजतात नेमके तेथेच यंत्र अडखळते. तरीही अर्धे समजणे आणि काहीच न समजणे यांत फरक असतो. आणि तोच स्कॅन कागद कन्नड बोलणाऱ्या अंध माणसालाही तितकाच बंद आहे, ही बाजू आपण दोन्हीकडचे लोक विसरतो.

वेब पानाच्या आत ते कोणत्या भाषेत आहे हे सांगणारी एक छोटी खूण असते. एनव्हीडीए हे २००६ पासून ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी उभे केलेले मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर संगणकाचा पडदा वाचून दाखवते, आणि ते त्या खुणेवरून आवाज बदलते. मजकूर कन्नड आणि खूण इंग्रजीची, असे झाले की वाचनाचा विचका होतो. दोन लिप्यांत जगणाऱ्या आपल्यासारख्या प्रदेशात ही खूण नीट लावणे म्हणजे एका ओळीचे काम आहे, त्याला वेगळा निधी लागत नाही. भारत सरकारची आपल्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत, दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. कमतरता आहे ती पान तयार झाल्यावर ते एकदा डोळे मिटून ऐकून पाहण्याची.

नावांचा गोंधळ तर निराळाच. ज्ञानेश्वर हे नाव घ्या. मराठी माणूस ते इंग्रजीत 'द न य' अशा अक्षरांनी सुरू करतो, कारण आपण ज्ञ चा उच्चार 'द्न्य' असा करतो. कन्नडमधून इंग्रजीत जाताना तेच नाव 'ज न' ने सुरू होते. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, जमिनीच्या कागदावर तिसरे. पूर्वी तलाठी समोरचा माणूस ओळखत होता, म्हणून भागत असे. कर्नाटकाने २००० च्या सुमारास भूमी प्रकल्पातून जमिनीचे सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर आणले, हे काम खरोखर मोठे होते आणि हाताने लिहिलेल्या वहीतली खाडाखोड त्याने थांबवली. पण संगणक चेहरा ओळखत नाही, तो अक्षरे जुळवतो, आणि दोन स्पेलिंगांचे ज्ञानेश्वर त्याच्या दृष्टीने दोन माणसे असतात. खुद्द 'ज्ञान' या शब्दाचीच अशी दोन इंग्रजी रूपे व्हावीत आणि त्यातून माणसे अडावीत, याला काय म्हणावे!

गेल्या वर्षी मामांच्या बँक खात्याचे केवायसी, म्हणजे खातेदाराची ओळख-पडताळणी, करायचे होते. बँकेचे नाव येथे घेत नाही, कारण हा प्रकार एका बँकेचा नाही. फोनने सांगितले, चेहरा गोलात आणा आणि डोळ्यांची उघडझाप करा. मामांना गोल दिसत नव्हता. मी त्यांची हनुवटी धरून चेहरा बसवला, पण डोळ्यांची उघडझाप यंत्राला पटेना. शेवटी आम्ही बसने बेळगावला गेलो आणि अर्धा दिवस घालवून अंगठा देऊन आलो. अशाच अडचणीवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती आणि एक अंध याचिकाकर्ते न्यायालयात गेले होते. डिजिटल सेवा वापरता येणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले आणि ही पडताळणी सर्वांना जमेल अशी करण्याचे निर्देश दिले. योगायोग असा की बत्तीस वर्षांपूर्वी त्याच तारखेला, ३० एप्रिल १९९३ रोजी, युरोपातील सर्न या संशोधन संस्थेने वर्ल्ड वाइड वेबचे सॉफ्टवेअर कोणाचीही मालकी न ठेवता सर्वांसाठी खुले केले होते. त्या दिवशी सर्नने ते मुठीत धरून ठेवले असते, तर आज ही पोस्टही कदाचित एखाद्या कंपनीच्या भाडेपट्ट्यावर असती. (ती फेसबुकवर आहे हे लक्षात आहे माझ्या. तो टोमणा कोणी मारू नये.)

डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली तेव्हाचे दृश्य आठवते. त्याचे व्हिडिओ काही मिनिटांत प्रत्येक फोनवर पोहोचले. एसटी बंद झाली, आणि आता गाडी कोठून मिळेल, परत कधी सुरू होईल, हे मात्र कोणत्या तरी कागदाच्या धूसर फोटोत फिरत होते, तोही कालचा की आजचा हे कळत नव्हते. राग वेगाने जातो आणि माहिती चित्रात अडकते. इंटरनेटने समाज घडवला म्हणतात तो हा असा, आपल्या हातांनी.

मुक्त ज्ञानाच्या बाबतीत मराठीची स्थिती समजतो तितकी वाईट नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत उभा केलेला मराठी विश्वकोश आज नेटवर फुकट वाचता येतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे आणि तेथील मजकूर कोणीही, श्रेय देऊन, पुन्हा वापरू शकतो. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचे लेखन २०११ पासून मुक्त आहे. दृष्टिहीनांसाठी पुस्तक वाचनीय रूपात आणायला तर तेवढी वाट पाहण्याचीही गरज नाही, कारण २०१२ च्या दुरुस्तीने ती मोकळीक दिली, आणि याच विषयावरच्या मराकेश कराराला २०१४ साली मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश होता.

जे कमी आहे ते आपल्या भागाचे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ चे. एवढ्या जुन्या वाचनपरंपरेच्या शहराबद्दल, त्याच्या आसपासच्या गावांबद्दल, शाळांबद्दल, देवस्थानांबद्दल मराठीत नेटवर शोधले तर काय सापडते? सापडतात ते निवडणुकीचे आकडे आणि वादाच्या बातम्या. सीमाप्रश्नावरची पत्रके, ठराव, भाषणे घरोघरी ट्रंकेत आहेत, आणि जी बाहेर आली ती पुन्हा फोटोच्या रूपात आली. आपली बाजू जगाने समजून घ्यावी असे वाटते, आणि शोधयंत्राला मात्र ती वाचता येत नाही.

म्हणून गेल्या दिवाळीत आम्ही काही जणांनी गावच्या शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका हाती घेतली. लेखकांपैकी जे हयात आहेत त्यांची, आणि इतरांच्या वारसांची, लेखी परवानगी आणली. तिघांनी आधी विचारले की याचे आम्हाला किती मिळणार, मग हसून सही केली. पाने स्कॅन करून टेसरॅक्ट या मुक्त ओसीआरमधून, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, काढली. यंत्र भ आणि म, घ आणि ध यांत गफलत करते. आम्ही डोळ्यांनी तपासून पाहिले आणि सगळे ठीक वाटले, कारण डोळा ओळखीचा शब्द आपोआप पुरा करतो. मग फाइल मामांना दिली. ते पलंगावर पडून ती ऐकतात आणि मधेच हात वर करतात. "त्या वर्षी मात चांगले आले" हे त्यांनी एका झटक्यात पकडले. आमच्या भागात भात पिकते, मात नव्हे. "गुरुजींचे धर" तसेच सापडले. पहिल्या तीस पानांत आमच्या नजरेतून सुटलेल्या बावन्न चुका त्यांच्या कानांनी धरल्या.

आता आम्ही सदतिसाव्या पानावर थांबलो आहोत. तेथे शाळेच्या विहिरीसाठी पैसे देणाऱ्याचे आडनाव छपाईत फाकले आहे, ते गावडा आहे की गौडा हे ठरत नाही. मामा म्हणतात, यंत्राला किंवा आपल्या अंदाजाला ते ठरवू देऊ नका. रविवारी नंदगडला जाऊन त्या घरी विचारून येणार आहोत, तोवर त्या जागी प्रश्नचिन्ह टाकले आहे.