अस्सल बरहुकूम

आमच्या घरच्या कुठल्याही समारंभात जेवणं उरकली, की विड्यांच्या तबकामागोमाग माझी नक्कल येते. करणारा माझा कॉलेजात जाणारा पुतण्या. पहिली फर्माईश मात्र माझ्या सख्ख्या बायकोची. "काका फोनवर बोलतात तसं कर ना रे!"

कार्टं चष्मा कपाळावर चढवतं, मोबाइल हातभर लांब धरतं आणि ओरडतं, "हां, बोला... नाही नाही, तुम्ही बोला... माझा आवाज येतोय का?" आवाज पलीकडच्या इमारतीपर्यंत जात असतो. मग घसा खाकरून, भुवया उंचावून एक 'मुळात काय आहे ना...' या 'मुळात'वर हमखास हशा. मलाही हसावं लागतं. नाही हसलो, तर माझ्या गाल फुगवून बसण्याची नक्कल पुढच्या बारशाला तयार!

दाद मागायची कुणाकडे? बालगंधर्व रंगभूमीवर बायकांसारखे नेसले, तर घरोघरच्या बायका त्यांच्यासारख्या नेसू लागल्या. अशा मुलखात नकलाकाराला कोण रागावणार! सह्याद्रीच्या रानातला भृंगराजही इतर पाखरांचे आवाज बेमालूम काढतो. पण त्या पाखरांना समोर बसवून टाळ्या वाजवायला तरी कुणी लावत नाही.

मध्यंतरी सातबाऱ्याच्या नकलेसाठी तलाठ्याकडे गेलो होतो. हातात आलेल्या कागदाखाली छापलं होतं : 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल'. सरकारचं मला कौतुक वाटतं. नक्कल ती नक्कल, वर खरी! घरी येऊन सांगितलं, तर आई म्हणाली, "मग आपल्या पोराच्या नकलेवरही मारा की शिक्का. अगदी हुबेहूब करतो. उलट हल्ली तूच तसं बोलत नाहीस."

बोलणार कसा? 'मुळात' ओठांवर आलं की गिळतो. खाकरायचं झालं तर न्हाणीघरात जातो. फोनवर इतकं हळू बोलतो, की पलीकडचा विचारतो, "बरं नाही का?"

आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनाही तीच काळजी लागली होती म्हणे. परवा मी अंघोळीला गेलो असताना त्यांचा फोन आला. पुतण्यानं उचलला. दोघांचं भरपूर बोलणं झालं. संध्याकाळी अध्यक्ष जिन्यात भेटले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, "आज कसे पूर्वीसारखे मोकळं बोललात! आणि गणपतीच्या वर्गणीचं सगळं काम स्वतःहून अंगावर घेतलंत, फार बरं झालं."

पावतीपुस्तकं त्यांनी सोबतच आणली होती.