बाक आमच्या हातचे, दाखला भलत्याच्या नावाचा

सकाळपासून डोकं ठणकतंय, लिहून टाकल्याशिवाय शांत व्हायचं नाही.

आमचं लोखंडी फर्निचरचं शेड आहे, त्याच्या शेजारच्या शेडमधला मुलगा. सव्वीस-सत्तावीसचा असेल, हाताला इतकी सफाई की त्याचा वेल्डिंगचा जोड बोट फिरवूनही सापडत नाही. सकाळी ड्रिलचा बिट मागायला गेले तर दारात शाळेचे बाक रचलेले. पंचवीस बाय पंचवीसचा चौकोनी पाइप, वर सनमायका, पायांना रबरी बूट. पाठीवर लाल रंगात स्टेन्सिलनं महापालिका शाळेचा क्रमांक. मला काय आनंद झाला! म्हटलं, "अरे, टेंडर घेतलंस? सांगितलं नाहीस!"

काच वर न करताच म्हणाला, "आपलं कुठलं वहिनी. लेबर जॉब आहे."

म्हणजे माल ठेकेदाराचा, हात याचे. एका बाकामागे मजुरी तीनशे ऐंशी रुपये. आणि ज्याच्या नावावर काम आहे त्याच्याकडे वेल्डिंगचं मशीनसुद्धा नाही! मी विचारलं, तू का नाही भरलंस? तर उत्तर तयार, "ते सगळं सेटिंग असतं वहिनी."

हा एक शब्द ऐकला की माझं टाळकं सरकतं. आपल्या पट्ट्यातल्या प्रत्येक शेडमध्ये हाच शब्द. एकदाही निविदा उघडून न बघितलेली माणसं छातीठोकपणे सांगतात, सेटिंग असतं. बघितलंस का? नाही. मग?

माझं सांगते. 2019 साली आमच्याच महापालिकेची दोनशे चाळीस डेस्क-बेंचची निविदा निघाली होती. सासरे म्हणाले, नको त्या भानगडीत पडू. मी पडले. ऑनलाइन भरताना लागणारं डिजिटल सहीचं डोंगल आणलं, कागद स्कॅन केले, बयाणा म्हणजे हमीची रक्कम भरली, एका नगाचा दर टाकला 3150. तीन वाजता बंद होणार होती, पावणेतीनला सगळं अपलोड झालं. मी देवापुढे साखर ठेवली. लिफाफे उघडले त्या दिवशी यादीत आमचं नावच नाही. आणि काम गेलं कितीला? 3420 ला.

मी पण तेव्हा हेच म्हणाले. सेटिंग. घरी रडले, नवऱ्याशी भांडले, दुसऱ्या दिवशी तणतणत भांडार विभागात गेले. तिथे एक निवृत्तीला आलेले क्लार्क होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, "ताई, शेवटचं बटण दाबलंच नाही तुम्ही." फ्रीज बिड सबमिशन. कागद चढवले म्हणजे निविदा भरली असं होत नाही. ते बटण दाबायचं, मग पावती येते, बिड क्रमांक येतो. तो नसेल तर तुम्ही त्या टेंडरमध्ये नाहीच.

माझं काम सेटिंगनं गेलं नव्हतं. एका बटणानं गेलं होतं.

सेटिंग नसतंच असं म्हणत नाही मी. असतं. अटी अशा लिहिलेल्या बघितल्यात की वाचताना ठेकेदाराचा चेहरा दिसतो. बरं, मान्य. पण सगळीच कामं तशी नसतात, आणि लहान कामांवर मोठ्यांची नजरही नसते.

पण आज राग त्याहून मोठ्या गोष्टीचा आला. या मुलानं गेल्या तीन वर्षांत किती शाळांचे बाक बनवले असतील! आणि उद्या निविदा भरायला बसला तर त्याला विचारणार, अनुभवाचा दाखला कुठाय? अनुभव मोजायचा केंद्रीय दक्षता आयोगाचा 2002 चा हिशोब कितीतरी निविदांमध्ये तसाच उतरवलेला असतो. अंदाजित रकमेच्या 40 टक्क्यांची तशीच तीन कामं केलेली हवीत, नाहीतर 50 टक्क्यांची दोन, नाहीतर 80 टक्क्यांचं एक. वर उलाढालीची अट. याच्याकडे काय आहे? भाजलेले हात. दाखला त्या मशीन नसलेल्याच्या नावाचा. पुढचं कामही त्यालाच, त्याच्या पुढचंही त्यालाच. हा आयुष्यभर तीनशे ऐंशीवर.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, लहान का असेना, एक काम स्वतःच्या नावावर घ्या. नफा नाही राहिला तरी चालेल पहिल्यांदा. कार्यादेश म्हणजे काम दिल्याचा कागद आणि काम पूर्ण केल्याचा दाखला, हे दोन कागद घरात येऊ देत.

आणि शोधायला कुणाच्या ओळखी लागत नाहीत हो. महाटेंडर्स या राज्य सरकारच्या निविदांच्या पोर्टलवर लॉगिन न करता चालू निविदा दिसतात, संस्थेप्रमाणे, बंद होण्याच्या तारखेप्रमाणे. रोज सकाळी चहाबरोबर दहा मिनिटं. जेम या केंद्राच्या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर नाव नोंदवा, 2016 पासून आहे ते. पण मला त्या क्लार्ककाकांनी जे शिकवलं ते कुठल्या पोर्टलवर नाही. म्हणाले, "ताई, टेंडर ही शेवटची पायरी. आधी अंदाजपत्रक वाचा." आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, त्यात शाळांच्या फर्निचरला किती, वाचनालयांना किती, सगळं लिहिलेलं असतं. ज्या शीर्षाखाली पैसे आहेत त्याची निविदा आज ना उद्या निघणार. तोवर कागद तयार ठेवायचे. मागच्या वर्षी काम किती दराला गेलं ते पोर्टलवर नाही सापडलं तर माहितीच्या अधिकारात मागायचं. निविदापूर्व बैठक असेल तर जायचंच, अट खटकली तर तिथेच लेखी द्यायचं. शुद्धिपत्रकं रोज बघायची, तारीख बदलते, अट बदलते. आणि दरपत्रकाची एक्सेल फाईल येते तिचं नाव बदलायचं नाही, आहे त्याच फाईलमध्ये दर भरायचा. उद्यम ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी असेल तर बयाण्यातून सूट आहे का ती ओळ शोधा, बऱ्याचदा असते, कुणी वाचत नाही.

काकांचं ऐकून पुढच्या वर्षी चाळीस रॅक मिळाले मला, वाचनालयाचे. आमच्या नावाचा पहिला कार्यादेश. सासऱ्यांनी तो देव्हाऱ्यात ठेवला होता.

आता सगळं गोड सांगून तुम्हाला फसवणार नाही. त्या चाळीस रॅकचं बिल सात महिन्यांनी निघालं. सात! मुकादमाचा पगार द्यायला मी पाटल्या गहाण ठेवल्या. आज सही झाली नाही, उद्या साहेब नाहीत, परवा साठा नोंदवहीत नोंदच नाही. ही फाईल कुणाच्या तरी घरातली चूल आहे हे त्या टेबलावर बसणाऱ्याला एकदा तरी जाणवावं. 2006 चा कायदा सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्या म्हणतो, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते, ती अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सुलभीकरण परिषदेपुढे जाते. मी केली नाही. पुढचं काम मिळणार नाही म्हणून घाबरले, आणि ते चुकलंच माझं. तुम्ही घाबरू नका. आणि सात महिने तग धरता येईल एवढंच काम अंगावर घ्या.

दुपारी त्या मुलाला मी जरा जास्तच बोलले. "तुझ्यासारख्यांमुळेच त्यांचं फावतं," असं काहीतरी. त्याचा चेहरा उतरला. कटिंग मशीनपाशी बसून लिहितेय आणि आता वाईट वाटतंय. त्याला कुणी खुर्ची देऊन स्क्रीन वळवून दाखवलीच नाही, तो तरी काय करणार? मला दाखवणारे होते. काका मागच्या वर्षी गेले. त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या मिसेसना सांगितलं, यांनी मला एक बटण दाखवलं होतं.

संध्याकाळी शटर ओढत होते तेव्हा तो स्वतःहून आला. म्हणाला, "वहिनी, डोंगल कुठून घेतलंत?"

शेजारच्या नगरपालिकेची अभ्यासिकेच्या टेबलांची निविदा आहे, साठ टेबलं, अनुभवाची अट त्याला झेपेल इतकी. गुरुवारी दुपारी तीनला बंद होतेय. त्याला बुधवारी सकाळी अकराला बोलावलंय. पॅन, जीएसटी, उद्यम आणि डोंगल घेऊन.